तेल गळतंय म्हणजे तेल आहे

स. न. वि. वि.

मी मूळचा कोल्हापूरचा, वय ४६, गेली १४ वर्षं लेस्टरला. नोकरी संगणकातली, घर रांगेतलं, गॅरेज नाही, गाडी रस्त्यावरच उभी असते. गेल्या महिन्यात एका गृहस्थांकडे १९७२ ची लाल एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, पाहिली. क्रोमचे बंपर, तारांची चाकं, रंग नवाकोरा. साडेअकरा हजार पौंड सांगतायत. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. ऑफिसातले इंग्रज मित्र हसतात, म्हणतात, 'तेल गळायचं थांबलं की समज, तेल संपलं.' बायको म्हणते, 'आधी घरातला बॉयलर बदल, मग खेळणी आण.' तिची टोयोटा नऊ वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही, हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं.

माझ्या बाबांकडे जुनी अँबॅसिडर होती. रविवारी ते बोनेटमध्ये डोकं घालून असायचे आणि मी शेजारी उजेडाला बॅटरी धरून उभा. हे खूळ कदाचित तिथलंच असेल. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, कोल्हापुरातच असतात. मला दोनच गोष्टी सांगा. ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार भरवशाच्या असतात का? आणि नसतील, तर एवढी माणसं त्यांच्यावर जीव का टाकतात?

— मोहग्रस्त, लेस्टर

प्रिय मोहग्रस्त,

आधी बॉयलर बदला. मी थट्टा करत नाही. जानेवारीत गार पाण्याने आंघोळ करणाऱ्या घरात दारची लाल गाडी फार दिवस टिकत नाही, आणि त्यात दोष गाडीचा नसतो. बॉयलर बसला की पुढचं वाचा. महिनाभर गिऱ्हाईक न मिळालेली गाडी आणखी महिनाभर थांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात हवं असेल तर 'नाही'. टोयोटा ज्या अर्थाने भरवशाची आहे त्या अर्थाने तर नाहीच. किल्ली फिरवली, कामाला गेलो, परत आलो आणि दिवसभरात गाडी नावाची वस्तू आठवलीसुद्धा नाही, असं सुख हवं असेल तर पन्नास वर्षांची कुठलीच गाडी घेऊ नका. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो म्हणतात. ह्या म्हशीवर कुणी भरवसा ठेवतच नाही, त्यामुळे तिचा व्यवहार वेगळ्या बोलीवर ठरतो.

ती बोली काय होती हे त्या काळी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं असे. दर तीन हजार मैलांनी पुढच्या चाकांच्या किंगपिनांना, म्हणजे चाकं वळतात त्या खुंट्यांना, ग्रीस गन लावा. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बघा. प्लग काढून साफ करा. कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी उघडून आत तेल आहे ना, ते पाहा. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटला फट मोजायची पट्टी, फीलर गेज, घाला; पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. १९७२ साली ह्यात कुणाला जाच वाटत नसे. दाढी करावी तसं ते काम होतं. पुढे गाड्यांनी ही कामं मागायचं सोडलं, आपण करायचं विसरलो, आणि आता आपल्या विसराळूपणाचं खापर गाडीच्या डोक्यावर फुटतं. नीट ग्रीस खाल्लेली, दर आठवड्याला रस्त्यावर निघणारी एमजीबी सहसा दगा देत नाही. दगा देते ती आठ महिने ताडपत्रीखाली झोपलेली. ब्रेक धरून बसतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, रबरं वाळतात, आणि मे महिन्याच्या पहिल्या उन्हात मालक म्हणतो, बघा, ब्रिटिश माल.

आता बाबांची अँबॅसिडर. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि १९५८ पासून ती अँबॅसिडर झाली, हे तुम्हाला ठाऊक असेल. बाबांची गाडी नव्वदच्या आधीची पेट्रोल गाडी असेल तर तुम्ही ज्या इंजिनावर बॅटरी धरलीत ते बहुधा १४८९ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरिज' घराण्यातलं. १९५५ साली एमजीने एमजीए नावाची देखणी स्पोर्ट्स कार काढली, तिच्यातही सुरुवातीला १४८९ सीसीचं बी सीरिजच होतं, दोन कार्बोरेटर लावून जरा तापट केलेलं. आणि तुमच्या लाल गाडीत त्याच घराण्यातला थोरला भाऊ आहे, १७९८ सीसीचा. एका भावाने उत्तरपाड्याला जाऊन वऱ्हाडं वाहिली, टॅक्सी चालवली, मंत्र्यांना मिरवलं; दुसरा ॲबिंग्डनला, एमजीच्या कारखान्याच्या गावी, राहून खांद्यावर स्वेटर टाकून हिंडला. रक्त एकच. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ओतीव लोखंडाचंच हेड, पुशरॉड, साधी चेन. १९६४ च्या अखेरीपासून क्रँकला तीनाऐवजी पाच बेअरिंग आली, तेव्हापासून तर ते फारच सोशिक झालं. इंजिनाची काळजी तुम्ही अजिबात करू नका, मित्रांनी कितीही हसलं तरी. तेल गळेल. टॅपेटच्या बाजूच्या झाकणांना बुचाचं पॅकिंग असतं, ते दाबलं जातं, वाळतं आणि पाझरतं. सकाळी गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला तर आनंद माना, तेल आहे. थाळीएवढा दिसला तर मात्र पॅकिंग बदलायला घ्या. रस्त्यावर गाडी लावता, तेव्हा खाली पुठ्ठा टाकत जा. शेजाऱ्याच्या तोंडून काही ऐकण्यापेक्षा ते बरं.

ह्या गाड्यांची बदनामी मग आली कुठून? काही खरी आहे. १९६८ साली ऑस्टिन, मॉरिस, एमजी, ट्रायम्फ, रोव्हर, जॅग्वार अशी सगळी भावंडं एका छपराखाली आणून ब्रिटिश लेलँड केली, आणि मग एकत्र कुटुंबात होतं ते सगळं झालं. पैसा कुणाला, मान कुणाला, संप कुठे, गळकं छप्पर कुठे. १९७५ साली सरकारला ते घर ताब्यात घ्यावं लागलं. त्या काळात ट्रायम्फने स्टॅग काढली. इतकी सुंदर चार माणसांची उघडी गाडी क्वचित झाली असेल. आत तीन लिटरचं नवं व्ही-८ इंजिन, आणि ते उकळायचं. पाणी खेळवण्याची व्यवस्था अपुरी, हेड गॅस्केट जायचं, चेन ताणायची. सात वर्षांत जेमतेम २६ हजार गाड्या झाल्या. ट्रायम्फच्याच टीआर-६ चं तसंच. ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्यांत लुकासचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन होतं, ते दीडशे घोडे द्यायचं, पण पंप तापला की घोडे तबेल्यात. लोटस ह्या स्पोर्ट्स कार कंपनीच्या नावाची अक्षरं फोडून इंग्रज लोक 'लॉट्स ऑफ ट्रबल, युज्वली सीरियस' म्हणतात. गंमत म्हणजे ह्या तिन्हींचे आजार आज कळलेले आहेत आणि औषधंही मिळतात. चांगल्या रेडिएटरची, नीट बांधलेली स्टॅग आता उन्हाळ्यातही थंड डोक्याने चालते. पण पहिलीच जुनी गाडी म्हणून ह्यांच्या वाटेला जाऊ नका. तुमचा जीव एमजीबीवर जडला हे पूर्वजांचं पुण्य समजा. ती मुळात कुणाला धक्का द्यायला बनवलेलीच नव्हती. बाकीच्या साध्या मॉरिस-ऑस्टिनमधली इंजिनं, गिअरबॉक्स, ॲक्सल उचलून त्यावर छान अंग बसवलं, इतकंच. १९६२ ते १९८० ह्या काळात पाच लाखांहून जास्त झाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

शेवट मात्र वाईट झाला. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डन गावाने एमजीची पन्नास वर्षं साजरी केली, बँड वाजवले, आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कारखाना बंद करणार असं कामगारांना कळलं. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. मी त्या सुमारास कॉव्हेंट्रीत नवा होतो, तिथेही कॅनलीला ट्रायम्फच्या गाड्यांची जुळणी त्याच वर्षी थांबली. माझे शेजारी जुळणीला होते. ते पुढची कित्येक वर्षं दर रविवारी स्वतःची गाडी खोलायचे आणि जोडायचे. बिघाड काही नसायचा.

लुकासबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. ह्या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात, त्याच्या स्विचला तीन जागा असतात, बंद, मंद आणि फडफड, इत्यादी. मीही हे विनोद सांगून चहा प्यायलो आहे. पण खरं सांगू? बहुतेक वेळा गुन्हेगार अर्थिंग असतं, म्हणजे तार गाडीच्या पत्र्याला जोडायची जागा. सुरुवातीच्या एमजीबीत अख्ख्या गाडीला फ्यूज दोन. तारांचे जोड गोळीसारख्या टोप्यांचे, त्यांना पन्नास वर्षांचा गंज. त्यावर मधल्या मालकांनी आपापल्या अकलेने जोडलेले रेडिओ, धुक्याचे दिवे, भोंगे, अलार्म. गाडी घेतली की पहिला रविवार दुसरं काही करू नका. एकेक अर्थ सोडवा, पॉलिश पेपरने घासा, व्हॅसलिन लावा, घट्ट बसवा. तुमच्या १९७२ च्या गाडीत अल्टरनेटर आहे, अर्थ निगेटिव्ह आहे, त्यामुळे डोक्याला ताप कमी. बॅटऱ्या मात्र मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटमागच्या झाकणाखाली, रस्त्याच्या चिखलाला जवळ. आधीच्या मालकाने तिथे बारा व्होल्टची एक बसवली असेल तर त्याला दुवा द्या.

माझ्याकडेही अशी एक होती. दोन सीटची, हिरवी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या रात्री चूक कंपनीची नव्हती. वेल्समधून लँगोलेनच्या घाटातून परतत होतो. दिवे मंदावले, मग पिवळे झाले, मग गेले. गाडी बाजूला घेतली. पाऊण तास मी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा मराठीत उद्धार केला, आणि सौभाग्यवती शेजारी बॅटरी धरून उभी. शेवटी ती म्हणाली, 'ही जाडी तार अशीच लोंबकळायची असते का हो?' ती अर्थची पट्टी होती. आदल्या रविवारी मीच सोडवली होती आणि चहाची हाक आली म्हणून बोटाने अडकवून ठेवली होती. पाना लावलाच नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या कुठल्याही शहाणपणावर 'जाडी तार' एवढे दोनच शब्द उच्चारले जातात.

एक आवाज मात्र ओळखायला शिका. किल्ली फिरवली की मागून, उजव्या चाकाच्या अंगाने, टिक-टिक-टिक असा आवाज येऊन हळूहळू थांबायला हवा. तो एसयू कंपनीचा पेट्रोल पंप. टाकी भरलेली असूनही तो गप्प असेल तर त्याचे पॉइंट चिकटलेत. खाली वाकून हातोडीच्या लाकडी दांड्याने एक टपली द्यायची, चालू होतो. असं दोनदा झालं की मार खायची सवय लागायच्या आत इलेक्ट्रॉनिक पॉइंटचा पंप घालून टाका.

हे सगळं किरकोळ आहे. मला भीती आहे ती 'नवाकोरा रंग' ह्या शब्दांची. तुम्ही ते मोठ्या कौतुकाने लिहिलेत आणि माझ्या पोटात गोळा आला. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. पत्र्याचे डबे एकमेकांना वेल्ड करून अंग उभं केलं आहे, आणि रोडस्टरला वर छप्पर नाही, म्हणजे सगळा ताण दरवाज्याखालच्या सिलवर. सिल म्हणजे पायरी नव्हे, तो तिचा मणका. बाहेरचा पत्रा दिसतो, पण आत आणखी पत्रे असतात, आणि त्यांच्यामधे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ साठतं. आतून मणका सडतो, बाहेर कुणीतरी नवा पत्रा चढवतो, लांबी म्हणजे पुट्टी भरतो, घासतो, लाल रंग मारतो आणि साडेअकरा हजार सांगतो. सगळे असंच करतात असं नाही. पण तुम्ही तसंच धरून चाला.

म्हणून परत जा, ऊन असताना जा. ओल्या पत्र्यावर सगळंच चकाकतं. आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, मला गार इंजिन ऐकायचं आहे. पोचलात की लगेच बोनेटकडे धावू नका. दरवाज्याच्या कडेची फट पाहा, वरून खालपर्यंत सारखी हवी. वर निमुळती आणि खाली रुंद, किंवा उलट, असेल तर गाडी कमरेत वाकली आहे. मग मालकाच्या परवानगीने एका बाजूने जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडून लावून बघा. आता ते अडकत असेल, घासत असेल, तर नमस्कार करा आणि घरी या. बाकी काही तपासायची गरज नाही. दार नीट लागलं तर रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन सिल, पुढच्या मडगार्डची खालची बाजू, दाराच्या मागचा कोपरा, सगळीकडे फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. सीटमागचं झाकण उघडून बॅटऱ्यांच्या पेटीतून खालचा रस्ता दिसतो का पाहा. गालिचा उचला. आणि विचारा, काम चालू असतानाचे फोटो आहेत का? ज्याने खरोखर सिल बदललेत त्याच्याकडे ढीगभर फोटो असतात आणि तो ते न विचारताच दाखवतो, मुंजीचा अल्बम दाखवावा तसे. फोटो नाहीत म्हणजे जीर्णोद्धार झालेला नाही, रंगरंगोटी झाली आहे. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे दर वर्षीच्या तपासणीचा, इतिहासही फुकट बघता येतो. जुन्या तपासणीत 'गंज' शब्द कितीदा आला आणि कधी अचानक नाहीसा झाला, ते वाचनीय असतं.

तारांची चाकं दिसायला राजेशाही, पण त्यांच्या आतल्या खाचा झिजतात. मागे-पुढे गाडी हलवताना 'टक' असा आवाज आला तर ती झिजलेली आहेत. गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथ्यावर चढणारा जास्तीचा गिअर, आहे का, चालतो का, हेही विचारा. एम-१ महामार्गावर ताशी सत्तर मैलांच्या वेगाला साध्या चौथ्या गिअरमध्ये इंजिन ३,९०० फेऱ्यांच्या आसपास किंचाळतं. ओव्हरड्राइव्हमध्ये ते ३,२०० वर येतं आणि तुम्हाला शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं. ते हवं की नको हे शेजारी कोण बसलंय त्यावर.

समजा अंग सडलेलं निघालं. तरी हा मोह सोडायचं कारण नाही. विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची संस्था आहे, तिने १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी अंगं बनवायला घेतली. दाराच्या मुठीपासून क्रँकपर्यंत जवळपास सगळं नवं मिळतं, आणि बऱ्याचदा तुमच्या बायकोच्या टोयोटाच्या सुट्या भागांहून स्वस्त. पण असं अंग घालणं म्हणजे घर पाडून बांधणं. ते दुसऱ्याने आधीच केलेलं असेल तर त्याची गाडी जास्त पैसे देऊन घ्या. त्याचे निम्मे पैसे बुडालेले असतात आणि ते तुमच्या फायद्याचं असतं.

आता तुम्हाला न आवडणारं सांगतो. ही लाल रोडस्टर घेऊ नका. तुम्हाला गॅरेज नाही. कापडी छताची गाडी लेस्टरच्या रस्त्यावर बारा महिने उभी राहिली तर वरून पाऊस, खालून मीठ, आणि शनिवारी रात्री एखाद्या झिंगलेल्या पोराच्या हातातली चावी. दोन वर्षांत गालिचाखाली शेवाळ. तुम्ही जीटी बघा. १९६५ साली आलेली, मागे काचेचं दार असलेली, छपराची एमजीबी. तिच्या रेषांवर इटलीच्या पिनिनफरिनाचा हात फिरलेला आहे, आणि माझ्या डोळ्यांना ती रोडस्टरहून सरस दिसते. छप्पर असल्यामुळे अंग घट्ट, थंडीत गरम, मागच्या फळकुटावर दोन दप्तरं किंवा एक रुसलेलं पोर मावतं. आणि साधारणपणे रोडस्टरहून बरीच स्वस्त. १९७४ च्या अखेरीनंतरची, काळ्या रबरी बंपरची घेतलीत तर आणखी स्वस्त. अमेरिकेच्या नियमांसाठी ते बंपर लावले आणि गाडी दीडेक इंच उंच केली. शुद्धतावादी नाकं मुरडतात, वळणावर ती जरा झुकतेही, पण पन्नास वर्षांच्या गाडीला शर्यतीत कोण नेतंय? आकाश दिसलंच पाहिजे असं असेल तर कापडी सनरूफ बसवलेल्या जीटी पुष्कळ मिळतात. रोडस्टरच हवी असा हट्ट असेल तर आधी भाड्याने बंद गॅरेज शोधा, त्याची किल्ली हातात आली की गाडी शोधा.

ट्रायम्फची स्पिटफायरही मनात असेल तर तिची चासी वेगळी आहे, ट्रायम्फ हेरल्डची. तीच हेरल्ड जी मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून बनायची. अख्खं नाक पुढे उलगडतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. स्वस्त, गोड, पण एमजीबीहून नाजूक.

कायद्याचं थोडक्यात. गाडी चाळीस वर्षांच्या पुढची म्हणजे ऐतिहासिक वर्गात. रोड टॅक्स शून्य, पण दर वर्षी अर्ज मात्र करायचा. फार फेरफार केलेले नसतील तर एमओटीची सक्ती नाही. तरी दर वर्षी करून घ्या. पंचावन्न पौंडांच्या आत कुणीतरी परका माणूस ब्रेकखाली डोकं घालतो, ह्याहून स्वस्त विमा नाही. खरा विमा 'ठरलेल्या किमतीचा' घ्या. लंडनला गेलात तर अल्ट्रा लो एमिशन झोनचं, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून घेतलं जाणारं, शुल्क ह्या वर्गाला लागत नाही. पेट्रोल नेहमीचं ई-१०, म्हणजे जास्त इथेनॉलचं, घालू नका, जुनी रबरं खातं. सुपर म्हणून मिळतं ते ई-५ घाला.

राहता राहिला तुमचा दुसरा प्रश्न, जीव का टाकतात.

ह्या गाडीत ९५ घोडे आहेत. ताशी साठ मैलांच्या वेगाला पोचायला बाराएक सेकंद लागतात. आज बाजारहाटाची कुठलीही गाडी तिला मागे टाकेल. पण तुम्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेले असता. गिअरची दांडी तळहाताएवढी, मनगट हललं की पडतो. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे रस्त्यावरचा खडा हाताला कळतो. तापलेल्या तेलाचा, पेट्रोलचा, ओल्या गालिचाचा वास. चाळीसचा वेग ऐंशीसारखा वाटतो. कायदा न मोडता पोरकटपणा करता येतो, आणि ह्या देशातल्या कुंपणांच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर तेवढाच वेग योग्य असतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिक इथून एमजी टीसी नावाच्या इवल्या गाड्या घरी घेऊन गेले. उजव्या हाताचं स्टिअरिंग, फळीसारखं स्प्रिंग, हीटर नाही. त्यांच्या देशात दुप्पट मोठ्या, मऊ गाड्या होत्या. तरी त्यांनी त्या नेल्या आणि आणखी मागवल्या.

नुसता वारा हवा असेल तर माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ साली आली, लोटस एलानचा आदर्श समोर ठेवून, आणि दहा लाखांवर विकली गेली. ती गळत नाही, उकळत नाही, सकाळी सुरू होते. मी स्वतः चालवली आहे, उत्तम आहे. रविवारी मात्र तिच्यापाशी करण्यासारखं काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट इंग्रज मित्र सांगणार नाहीत, कारण त्यांना ती जाणवलेली नसते. मी इथे आल्यावर पहिली सहा वर्षं शेजारी माझ्याशी हवामानापलीकडे बोलले नाहीत. वाईट माणसं नव्हती. बोलायला धागा नव्हता. मग मी ती हिरवी गाडी दारात लावली. पहिल्याच शनिवारी रस्त्यापलीकडचे एक आजोबा पिशवी ठेवून उभे राहिले. त्यांच्या लग्नात ते अशाच गाडीतून निघाले होते. दुसऱ्याच्या भावाने तिचे दरवाजे बसवले होते, कारखान्यात. तिसऱ्याने मला न विचारता कार्बोरेटर लावून दिला. पेट्रोलपंपावर अजून कुणीतरी येतंच, आणि हातात नोझल धरून आपल्या तरुणपणाबद्दल सांगतं. यजमानाच्या घरातलं जुनं भांडं पाहुण्याने घासून लख्ख केलं की यजमान स्वयंपाकघरात येऊन बसतो, तसं काहीसं ते आहे.

तेव्हा जीटी शोधा. क्लबात आधी नाव घाला, गाडी नंतर. एमजी ओनर्स क्लब १९७३ चा, एमजी कार क्लब १९३० चा, दोन्हींकडे तुमच्याबरोबर गाडी बघायला येईल असा एखादा जाणता निघतो. सकाळी दहाची वेळ ठरवा, कोल्हापुरात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतील, इथला हिवाळा असेल तर साडेतीन. बाबांची वामकुक्षी एक दिवस मोडू द्या. व्हिडिओ कॉल लावा, बोनेट उघडा, गार इंजिन सुरू करा आणि फोन टॅपेटच्या झाकणाशी धरा. मला कळणार नाही ते त्यांना चार सेकंदांत ऐकू येईल. बायकोलाही न्या. बॅटरी तुम्ही धरा, तुम्हाला सवय आहे. जॅकची दांडी तिच्या हातात द्या.